बोटीवरचा मिक्सर का बंद पडतो? विद्युतधारेचा एक पाठ



आजचा पाठ पुस्तकातून सुरू झालेला नाही, एका मुलीच्या प्रश्नातून सुरू झाला. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात विज्ञान शिकवते. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांची घरं मासेमारीवर चालतात. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी सुरू होते, बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, आणि पंधरा दिवसांनी शाळा उघडते. म्हणजे आमची शाळा सुरू होते तेव्हा मुलांचे बाबा घरी असतात आणि बोटींची डागडुजी चालू असते. घरात त्या दिवसांत चर्चा कसली? जाळ्याची, इंजिनाची आणि खर्चाची.

दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा चालू होता. विद्युतशक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा, हे फळ्यावर लिहून झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या बोटीवर दिवे लागतात, मोबाईल चार्ज होतो, पण मिक्सर लावला की इन्व्हर्टर ओरडतो आणि बंद पडतो. बाबांनी नवीन बॅटरी घातली, तरी तेच. आता दुकानदार म्हणतो इन्व्हर्टर बदला. खरंच बदलायला हवा का?"

खरं सांगते, माझ्या तोंडून आधी निघालं, "बॅटरीच कमजोर असेल." म्हणजे दुकानदाराने जे पहिल्यांदा सांगितलं तेच मीही सांगितलं, न मोजता. ती म्हणाली, "बाई, बॅटरी नवीन आहे." मग मात्र मी खडू खाली ठेवला.

आधी बोटीवरचं स्वयंपाकघर समजून घेऊ

आठ-दहा दिवस समुद्रात राहणाऱ्या बोटीवर तांडेल आणि खलाशी मिळून सात-आठ माणसं असतात. जेवण गॅसवर होतं. पूर्वी वाटण घरून करून बर्फात ठेवून न्यायचे, आता काही बोटींवर मिक्सर आला आहे. वीज येते बॅटरीतून. इंजीन चालू असताना अल्टरनेटर (आपल्याकडे सगळे त्याला डायनामोच म्हणतात) बॅटरी भरतो. इन्व्हर्टर त्या १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करतो आणि मग घरातलीच उपकरणं तिथे चालतात. काही बोटींवर १२ऐवजी २४ व्होल्टची जोडणी असते. या मुलीच्या बोटीवर १२ व्होल्टची होती.

आता मुलांना हा हिशेब करायला लावा. मिक्सरच्या तळाशी लिहिलेलं असतं ५०० वॅट. घरी २३० व्होल्टवर तो किती धारा घेतो? ५०० भागिले २३०, म्हणजे साधारण २.२ अँपिअर. तोच मिक्सर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा तर? इन्व्हर्टर स्वतःही थोडी शक्ती खातो. त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीतून सुमारे ५८८ वॅट ओढावे लागतात. ५८८ भागिले १२, म्हणजे ४९ अँपिअर. जवळजवळ ५०!

हा आकडा फळ्यावर आला तेव्हा वर्ग गप्प झाला. घरी २, बोटीवर ५०. मिक्सर तोच, वाटणही तेच. व्होल्ट कमी झाले की तेवढंच काम करायला अँपिअर वाढवावे लागतात. आणि सुरू होताना, पहिल्या क्षणी, मोटर याहूनही जास्त धारा मागते.

वर्गात मी अशी यादी करून घेतली (१२ व्होल्टची बॅटरी, ८५ टक्के कार्यक्षमता धरून):

- ९ वॅटचा एलईडी दिवा: सुमारे ०.९ अँपिअर
- ५०० वॅटचा मिक्सर: सुमारे ४९ अँपिअर
- ७०० वॅटचा राईस कुकर: सुमारे ६९ अँपिअर
- १५०० वॅटची किटली: सुमारे १४७ अँपिअर

२४ व्होल्टची जोडणी असेल तर हे सगळे आकडे निम्मे होतात. का, ते मुलांना विचारा.

दिवे लागतात म्हणजे जोडणी ठीक, हा गैरसमज

बहुतेक जण इथेच फसतात. दिवा लागला म्हणजे बॅटरी ठीक, तार ठीक, असं आपण धरून चालतो. पण तारेलाही रोध असतो. तो लहान असतो म्हणून घरात जाणवत नाही, कारण घरात धारा लहान असते.

त्या बोटीवर बॅटरी इंजिनाजवळ आणि इन्व्हर्टर केबिनमध्ये होता. मधलं अंतर ५ मीटर. तार ४ स्क्वेअर एमएमची, घरातल्या गिझरला वापरतात तशी. जायची ५ मीटर आणि यायची ५ मीटर, म्हणजे एकूण १० मीटर. यायची तार मुलं हमखास विसरतात. तांब्याची रोधकता सुमारे १.७ × १०⁻⁸ ओहम मीटर धरून रोध काढला तर ०.०४२५ ओहम येतो. "एवढासाच?" असं कोणीतरी म्हणतंच. मग ओहमचा नियम लावा.

दिवे आणि चार्जर मिळून ३ अँपिअर: तारेत पडणारं विभवांतर ०.१३ व्होल्ट. कळतही नाही.

मिक्सर, ५० अँपिअर: तारेत पडणारं विभवांतर २.१ व्होल्ट.

बॅटरीपाशी १२ व्होल्ट असले तरी इन्व्हर्टरला पोचतात १० च्याही खाली. अशा इन्व्हर्टरमध्ये साधारण साडेदहा व्होल्टच्या आसपास स्वतःहून बंद पडायची सोय असते, बॅटरी पार रिकामी होऊन खराब होऊ नये म्हणून. त्याला वाटतं बॅटरी संपली. तो ओरडतो आणि बंद पडतो, म्हणजे आपलं काम चोख करतो. दोष त्याचा नसतो.

मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. इंजीन चालू असेल तर मिक्सर चालतो, बंद असेल तर नाही. सगळ्यांनी यावरून बॅटरीवर ठपका ठेवला. पण आता बघा. इंजीन चालू असताना अल्टरनेटरमुळे बॅटरीपाशी १४ व्होल्टच्या आसपास असतात. त्यातले दोन-अडीच व्होल्ट तारेत गेले तरी इन्व्हर्टरला अकराच्या वर मिळतात, तो चालू राहतो. लक्षण खरं होतं, त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला.

मग आम्ही बोटीवर गेलो

एका रविवारी गावातला एक अनुभवी वायरमन, मुलीचे बाबा, ती आणि मी बोटीवर गेलो. मोजमाप वायरमनने केलं, आकडे मुलीने वहीत लिहिले. १२ व्होल्टचा शॉक सहसा बसत नाही, पण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये पाना किंवा बांगडी अडकली तर क्षणात लाल होते. म्हणून अंगठी, घड्याळ, बांगड्या सगळं आधी काढून ठेवलं. इन्व्हर्टरच्या पुढचे २३० व्होल्ट तर घरातल्याइतकेच जीवघेणे असतात, ओल्या फळीवर जास्तच. मुलांनी तिकडे हात लावायचा नाही, हे आधी ठरलं.

आमचा क्रम असा होता. पालकांनी तो लिहून ठेवावा.

१. आधी नाक. कुठलंही बटण दाबण्यापूर्वी गॅसचा वास येतो का ते बघायचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात तो खिडकी-दारातून निघून जाऊ शकतो, बोटीत मात्र तळाशी साठून राहतो. तिथे एक ठिणगी पुरे. वास आला तर सिलिंडर बंद करायचा, सगळी झाकणं उघडायची, आणि बटणांना हात लावायचा नाही.

२. लक्षण नीट लिहायचं. नुसतं "बंद पडतो" पुरत नाही. कधी? इंजीन चालू असताना की बंद? लगेच की मिनिटाभराने? इन्व्हर्टरवर कुठला दिवा लागतो, बॅटरी कमी असल्याचा की भार जास्त झाल्याचा? ही दोन दुखणी वेगळी आहेत.

३. उपकरण घरी चालवून बघायचं. मिक्सर घरी नीट चालला. मिक्सरच्या तळाशी बहुधा एक लाल बटण असतं, भार वाढला की ते बाहेर येतं. ते आत होतं. म्हणजे मिक्सर सुटला.

४. बॅटरी आधी भाराशिवाय मोजायची, मग भारासकट. भाराशिवाय १२.६ व्होल्ट आले, म्हणजे बॅटरी भरलेली. पण एवढ्यावर निकाल द्यायचा नाही. मिक्सरच्या भांड्यात खोबरं आणि पाणी घातलं, कारण रिकामा मिक्सर कमी धारा घेतो. मिक्सर चालू करून बॅटरीच्या टोकांवर मोजलं: १२.१ व्होल्ट. कमजोर बॅटरी इथेच धाडकन खाली आली असती. म्हणजे बॅटरीही सुटली.

५. त्याच वेळी इन्व्हर्टरच्या टोकांवर मोजायचं. तिथे ९.४ व्होल्ट. वाटेत २.७ व्होल्ट हरवले होते!

६. वाटेत कुठे हरवले ते शोधायचं. यासाठी मीटरची एक कांडी तारेच्या या टोकाला आणि दुसरी त्याच तारेच्या त्या टोकाला लावायची. मीटरची वायर तेवढी लांब नसते, म्हणून वायरमनने एक बारीक तार जोडून ती वाढवली. मुलीने लगेच विचारलं, "बारीक तार वाईट म्हणता, मग ही कशी चालते?" मला इतका आनंद झाला! व्होल्टमीटर जवळजवळ धाराच घेत नाही. धारा नाही तर तारेत विभवांतर पडणार कुठून?

पॉझिटिव्ह तारेवर १.१ व्होल्ट निघाले, निगेटिव्ह तारेवर १.६. दोन्ही तारा सारख्याच लांबीच्या, सारख्याच जाडीच्या. मग निगेटिव्हच्या वाटेवर अर्धा व्होल्ट जास्त का? तारेच्या टोकाला दाबून बसवलेला लग वायरमनने काढला. वरून ठीक दिसत होता, आत तांबं हिरवं-काळं पडलं होतं. इन्सुलेशन बोटभर सोलल्यावर तिथेही हिरवं. खारी हवा तारेच्या आत शिरते, ती अशी.

अर्धा व्होल्ट म्हणजे किती?

इथे मी वर्गाला थांबवलं. अर्धा व्होल्ट ऐकायला काहीच वाटत नाही. पण ५० अँपिअर गुणिले ०.५ व्होल्ट म्हणजे २५ वॅट. टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या हातातलं साधं सोल्डरिंग आयर्न तेवढ्याच वॅटचं असतं, आणि ते शिसं वितळवतं. एवढी उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत, लाकडी फळीच्या खाली. आणि ४ एमएमच्या उरलेल्या तारेत मिळून आणखी शंभरेक वॅट.

वायरमनने फळी उचलून दाखवली. त्या सांध्याजवळचं इन्सुलेशन मऊ होऊन लाकडाला चिकटलं होतं, लाकडावर तपकिरी डाग पडला होता. दोन हातांवर गॅसचा सिलिंडर. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये फ्यूज नव्हताच.

मुलीचे बाबा बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, याच फळीवर आम्ही झोपतो."

इन्व्हर्टर बंद पडत होता म्हणून सगळे चिडले होते. खरं तर तो बंद पडत होता म्हणूनच ती तार आणखी तापली नाही. दुकानदाराचं ऐकून मोठा इन्व्हर्टर बसवला असता आणि त्यावर मोठी उपकरणं लावली असती, तर त्याच तारेतून आणखी धारा गेली असती. दुकानदाराला मी वाईट म्हणत नाही. त्याने बोट बघितलीच नव्हती. मीही बघितली नव्हती आणि तरी उत्तर दिलं होतं.

दुरुस्ती काय केली

इन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ आणला, पण तिच्या बंद पेटीत नाही, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जायची-यायची मिळून तार ३ मीटरवर आली. तार २५ स्क्वेअर एमएमची घातली, कथिलाचा मुलामा असलेली. असा मुलामा असला की तांबं लवकर गंजत नाही. पॉझिटिव्ह तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ, योग्य क्षमतेचा फ्यूज बसवला. फ्यूज तारेला वाचवतो, म्हणून तो तारेच्या सुरुवातीला हवा. बॅटरीची टोकं सुटी करून (आधी निगेटिव्ह) कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने घासली, कोरडी केली, जोडल्यावर वर व्हॅसलीन लावलं. नव्या तारेत पडणारं विभवांतर किती ते मुलांनी काढावं. उत्तर ०.१ व्होल्टच्या आसपास यायला हवं.

नंतर पुन्हा मोजलं. इन्व्हर्टरपाशी १२ व्होल्ट. खोबरं वाटून झालं.

बाकीच्या उपकरणांचं काय?

फ्रिज थोड्या थोड्या वेळाने नुसताच टिक् करत असेल आणि गार होत नसेल, तर दुखणं बरेचदा हेच असतं. कॉम्प्रेसरला सुरू होताना मोठी धारा लागते, ती मिळत नाही. तिथेही भारासकट मोजा.

किटली किंवा राईस कुकर लावल्यावर आरसीसीबी पडत असेल तर उलट संशय घ्या. तापणाऱ्या भागात खारा ओलावा शिरून धारा गळत असेल. आरसीसीबी पुन्हा पुन्हा वर करून उपकरण वापरू नका. शिवाय इन्व्हर्टरवर न्यूट्रल आणि अर्थिंगची जोडणी बरोबर नसेल तर आरसीसीबी वेळेला पडणारही नाही. ती जोडणी जाणकार माणसाकडूनच करून घ्यावी.

आणि एक हिशेब जरूर करा. १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-अवर. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ६००. मिक्सर १० मिनिटं चालवला तर जेमतेम १०० जातात. राईस कुकर अर्धा तास चालवला तर ४०० च्या वर! म्हणून बोटीवर शिजवायचं गॅसवर, आणि वाटायचं बॅटरीवर. इंजीन सुरू करायची बॅटरी मात्र स्वयंपाकघराच्या बॅटरीपासून वेगळी ठेवायची. वाटण नसलं तर एक दिवस कालवण फिकं होईल. भर समुद्रात इंजीन सुरू झालं नाही, वायरलेस बंद पडला, तर काय होईल हे किनाऱ्यावरच्या घरांना सांगायला नको.

वर्गात करण्यासाठी

बोट नसेल तरी हा पाठ घेता येतो. चार सेलचा ६ व्होल्टचा संच, तेवढ्याच व्होल्टचे तीन छोटे बल्ब, आणि टेलिफोनची जुनी बारीक तार, १० मीटर जायला, १० मीटर यायला. बल्ब तारेच्या दुसऱ्या टोकाला समांतर जोडायचे. आधी एक, मग दोन, मग तीन. प्रत्येक वेळी सेलपाशी आणि बल्बपाशी, दोन्हीकडे व्होल्ट मोजायचे आणि वजाबाकी लिहायची. बल्ब वाढला की वजाबाकी वाढते, बल्ब मंद होतात. सेलपाशीही आकडा थोडा खाली येतो, तो सेलचा स्वतःचा रोध. मग जाड तार लावून पुन्हा करायचं. घरातल्या २३० व्होल्टवर हा प्रयोग अजिबात करू नये.

मुलांना विचारायचे प्रश्न:

१. बॅटरी भाराशिवाय १२.६ व्होल्ट आणि भारासकट १०.२ व्होल्ट दाखवते. दोष तारेत की बॅटरीत?
२. बॅटरीपाशी १२.१, इन्व्हर्टरपाशी ११.९, तरी इन्व्हर्टर बंद पडतो. आता कुठे शोधाल?
३. २४ व्होल्टच्या बोटीवर तीच तार, तोच मिक्सर असेल तर तारेतली उष्णता किती पट होईल? (धारा निम्मी, उष्णता धारेच्या वर्गावर. म्हणजे पाव पट.)

पालकहो, तुमच्यापैकी कोणाची बोट असेल तर ती पाण्यात जायच्या आधी एकदा फळी उचलून बघा. आणि मुलांना सोबत न्या, वही घेऊन. त्या मुलीची वही आता आमच्या प्रयोगशाळेत आहे. पहिल्या पानावर तिने तिच्या अक्षरात लिहिलंय: "बॅटरी १२.१, इन्व्हर्टर ९.४. वाटेत हरवले २.७." त्याखाली नंतर वेगळ्या पेनाने: "सापडले."

तुमच्या वर्गात असा कुठला प्रश्न आला असेल तर नक्की कळवा.